रैखिक असमानता : व्यवहारातील उदाहरणे

रैखिक असमानता : दोन राशींपैकी एक दुसरीपेक्षा लहान किंवा मोठी आहे, अथवा ती दुसरीहून अधिक नाही किंवा कमी नाही, असे सांगणाऱ्या गणितीय विधानास असमानता म्हणतात. अशा विधानात अज्ञात राशी केवळ पहिल्या घातात येत असतील व त्यांचा एकमेकींशी गुणाकार होत नसेल, तर ती असमानता रैखिक किंवा एकघाती होय. ‘पेक्षा लहान’ व ‘पेक्षा मोठा’ या संबंधांसाठी अनुक्रमे < व > ही चिन्हे, तर ‘लहान किंवा समान’ व ‘मोठा किंवा समान’ यांसाठी अनुक्रमे ≤ व ≥ ही चिन्हे वापरतात. एका अज्ञाताच्या रैखिक समीकरणाचे उत्तर सामान्यतः एकच संख्या असते (→ समीकरणे). असमानतेचे उत्तर बहुधा संख्यांचा एक पट्टा असतो व कधीकधी उत्तर मुळीच नसते. व्यवहारात हे दोन्ही प्रकार महत्त्वाचे आहेत. पुष्कळदा एखादी गोष्ट नेमकी किती करावी यापेक्षा ती कोठवर करता येईल, आणि मुळात करता येईल की नाही, हे आधी कळावे लागते.

शाळेतील शाब्दिक उदाहरणांत नेमके उत्तर विचारण्याची परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावती या बाराव्या शतकातील ग्रंथातील बहुतेक प्रश्न याच स्वरूपाचे आहेत. शेत, बाजार, पतपेढी व घरखर्च यांतील प्रश्नांची भाषा मात्र वेगळी असते. ‘निदान एवढे तरी’, ‘फार तर इतकेच’, ‘याहून कमी चालणार नाही’ अशा शब्दांत ते मांडले जातात. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे परभणी जिल्ह्यातील शेतीव्यवहाराच्या धर्तीवर घेतली आहेत. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील या जिल्ह्यात काळी जमीन विस्तृत असून कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही महत्त्वाची पिके आहेत. जिल्ह्यातील मोठे क्षेत्र पावसावर अवलंबून असल्याने जमीन, भांडवल आणि पाऊस या तिन्ही मर्यादांचा विचार पेरणीपूर्वीच करावा लागतो. परभणी येथे १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे नाव आहे.

शब्दांचे चिन्हांत रूपांतर : शाब्दिक उदाहरण सोडविताना होणाऱ्या बहुतेक चुका आकडेमोडीत नसून वाक्याचा अर्थ लावण्यात असतात. ‘किमान’, ‘कमीत कमी’, ‘निदान’, ‘पेक्षा कमी नाही’ या शब्दांचा अर्थ ≥ असा होतो. ‘कमाल’, ‘जास्तीत जास्त’, ‘फार तर’, ‘पेक्षा अधिक नाही’ यांचा अर्थ ≤ असा होतो. ‘पेक्षा अधिक’ व ‘पेक्षा कमी’ यांत मात्र समानतेस जागा नाही. ‘किमान’ या शब्दात लहानपणाचा भाव असल्यामुळे विद्यार्थी पुष्कळदा त्यासाठी ≤ हे चिन्ह लिहितात. ‘किमान ६०’ म्हणजे ६० किंवा त्याहून मोठी संख्या, असे एखादी संख्या घालून पडताळून पाहिल्यास ही चूक टळते. अज्ञात राशी कोणती व तिचे एकक कोणते, हे प्रथम लिहून ठेवणेही आवश्यक असते. एकाच उदाहरणात एकर व हेक्टर किंवा रुपये व हजार रुपये यांची सरमिसळ झाल्यास पुढील सर्व गणित निष्फळ ठरते.

मूलभूत नियम : असमानतेच्या दोन्ही बाजूंत एकच संख्या मिळविली किंवा दोन्ही बाजूंतून वजा केली, तरी चिन्ह बदलत नाही. दोन्ही बाजूंना एकाच धन संख्येने गुणले किंवा भागले, तरीही ते तसेच राहते. ऋण संख्येने गुणल्यास किंवा भागल्यास मात्र चिन्ह उलट होते. ३ < ५ यास −१ ने गुणल्यास −३ > −५ असे मिळते, यावरून या नियमाचे कारण स्पष्ट होते.

उदा., एका शेतकऱ्याजवळ १ मार्च रोजी ज्वारीच्या कडब्याच्या १,२०० पेंढ्या आहेत. बैलजोडीस रोज ८ पेंढ्या लागतात. पाऊस लांबल्यास उपयोगी पडाव्यात म्हणून निदान २०० पेंढ्या शिलकीत ठेवावयाच्या आहेत. क्ष दिवसांनंतर १,२०० − ८क्ष पेंढ्या उरतील. म्हणून १,२०० − ८क्ष ≥ २००. दोन्ही बाजूंतून १,२०० वजा केल्यास −८क्ष ≥ −१,०००. आता −८ ने भागताना चिन्ह उलटते व क्ष ≤ १२५ असे उत्तर मिळते. म्हणजे ३ जुलैपर्यंत कडबा पुरेल व ठरविलेली शिल्लकही राहील. चिन्ह उलटविण्याचे विसरल्यास ‘किमान १२५ दिवस’ असे उलट उत्तर येईल. जितके अधिक दिवस जातील तितकी शिल्लक वाढेल, असा त्याचा अर्थ होतो. उत्तराचा अर्थ वाक्यात लिहून पाहिला, की असा दोष तत्काळ ध्यानात येतो.

एका अज्ञाताची उदाहरणे : (१) पेरणीयोग्य पाऊस. कोरडवाहू खरीप पिकांची पेरणी साधारणतः ७५ ते १०० मिमी. पाऊस झाल्याशिवाय करू नये, अशी कृषितज्ञांची शिफारस असते. आतापर्यंत ४२ मिमी. पाऊस झाला असल्यास व आणखी क्ष मिमी. पडणे आवश्यक असल्यास ४२ + क्ष ≥ ७५, म्हणून क्ष ≥ ३३. हे गणित अत्यंत सोपे असले, तरी त्याकडे दुर्लक्ष करण्याची किंमत मोठी असते. पहिल्या सरींवर पेरणी उरकली आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर उगवण बिघडते व दुबार पेरणीचा खर्च माथी येतो. येथे ३३ मिमी. ही पुरेशा पावसाची हमी नव्हे. तिच्याखाली पेरणी धोक्याची, एवढेच ही असमानता सांगते.

(२) सोयाबीनमधील आर्द्रता. हमीभावाने होणाऱ्या शासकीय खरेदीत सोयाबीनमधील आर्द्रतेची कमाल मर्यादा सामान्यतः १२ टक्के धरली जाते. काढणीनंतर १०० किग्रॅ. सोयाबीनमध्ये १६ टक्के आर्द्रता असल्यास ते वाळवून किमान किती पाणी कमी केले पाहिजे? ‘१६ वजा १२ म्हणजे ४ किग्रॅ.’ हे सहज सुचणारे उत्तर चूक आहे, कारण पाणी उडाल्यावर एकूण वजनही घटते. क्ष किग्रॅ. पाणी उडाल्यास १६ − क्ष किग्रॅ. पाणी व १०० − क्ष किग्रॅ. एकूण वजन उरते; म्हणून १६ − क्ष ≤ ०.१२ (१०० − क्ष). ही असमानता सोडविल्यास ४ ≤ ०.८८क्ष, म्हणजेच क्ष ≥ ४.५४५... असे मिळते. सु. ४.५५ किग्रॅ. पाणी कमी झाले, तरच माल मर्यादेत बसतो. केवळ ४ किग्रॅ. पाणी कमी झालेल्या मालात ९६ किग्रॅ.ला १२ किग्रॅ., म्हणजे १२.५ टक्के आर्द्रता राहते व तो माल परत जाऊ शकतो. विक्रीयोग्य वजन सु. ९५.४५ किग्रॅ. राहील, हेही यावरून आधीच कळते.

(३) खताच्या पिशव्या. एक हेक्टर सोयाबीनसाठी किमान ६० किग्रॅ. स्फुरद व ३० किग्रॅ. नत्र द्यावयाचे आहे, असे समजा. डीएपी या खतात १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असते आणि त्याची पिशवी ५० किग्रॅ.ची असते. एका पिशवीत ९ किग्रॅ. नत्र व २३ किग्रॅ. स्फुरद येते. पिशव्यांची संख्या क्ष मानल्यास २३क्ष ≥ ६०, म्हणून क्ष ≥ २.६०... पूर्ण पिशव्याच विकत मिळत असल्याने क्ष ही पूर्णांक संख्या असली पाहिजे. म्हणून ३ पिशव्या घ्याव्या लागतील. त्यांतून २७ किग्रॅ. नत्र मिळते. उरलेले निदान ३ किग्रॅ. नत्र युरियातून द्यावयाचे झाल्यास, युरियात ४६ टक्के नत्र असल्याने ०.४६य ≥ ३, म्हणजे युरिया सु. ६.५ किग्रॅ. लागेल.

पूर्णांक उत्तर काढताना नेहमीच्या रीतीने जवळची संख्या घेऊन चालत नाही. ‘किमान’ अट असल्यास वरची व ‘कमाल’ अट असल्यास खालची पूर्णांक संख्या घ्यावी लागते. २.२ पिशव्या लागत असतील, तरीही २ अपुऱ्याच पडतील. तसेच एखाद्या गाडीत २.९ टन माल मावत असेल, तर एकेक टनाच्या ३ गठड्या तीत मावणार नाहीत.

दोन अज्ञातांची उदाहरणे : दोन पिकांत जमीन कशी वाटावी, हा खरीप हंगामापूर्वीचा नित्याचा प्रश्न आहे. एका कुटुंबाकडे ५ एकर कोरडवाहू जमीन व ८०,००० रु. भांडवल आहे, असे समजा. कापसास एकरी २०,००० रु. व सोयाबीनला एकरी १२,००० रु. खर्च येतो. खर्च वजा जाता एकरी निव्वळ उत्पन्न कापसाचे १५,००० रु. व सोयाबीनचे १०,००० रु. धरले आहे. घरखर्च भागविण्यासाठी निदान ६०,००० रु. निव्वळ उत्पन्न हवे. हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात ते गावागणिक व वर्षागणिक बदलतात.

कापसाचे क्षेत्र क्ष एकर व सोयाबीनचे य एकर मानून आणि रकमा हजार रुपयांत घेऊन पुढील असमानता मिळतात : जमिनीची, क्ष + य ≤ ५, भांडवलाची, २०क्ष + १२य ≤ ८०, म्हणजेच ५क्ष + ३य ≤ २०, गरजेची, १५क्ष + १०य ≥ ६०, म्हणजेच ३क्ष + २य ≥ १२. क्षेत्र ऋण असू शकत नाही, म्हणून क्ष ≥ ० व य ≥ ०. ही शेवटची अट शब्दांत दिलेली नसते. ती सोडविणाऱ्याने स्वतः लिहावी लागते.

आलेखावर प्रत्येक असमानता एका सरळ रेषेच्या एका बाजूचा अर्धप्रतल दर्शविते. रेषा काढून तिच्यावर नसलेला एखादा बिंदू, सामान्यतः (०, ०), असमानतेत घालून पाहिला, की कोणती बाजू घ्यावयाची हे ठरते. सर्व अर्धप्रतलांत समाईक असलेला भाग म्हणजे शक्य क्षेत्र होय. प्रस्तुत उदाहरणात हे क्षेत्र (४, ०), (२.५, २.५) व (२, ३) हे शिरोबिंदू असलेला एक अरुंद त्रिकोण आहे. २ एकर कापूस व ३ एकर सोयाबीन घेतल्यास खर्च ७६,००० रु. होतो व गरज नेमकी भागते. दोन्ही पिके अडीच-अडीच एकर घेतल्यास सर्व जमीन व सर्व भांडवल कामी लागून ६२,५०० रु. मिळतात. केवळ सोयाबीन घेतल्यास ५०,००० रु.च मिळतात, म्हणून तो पर्याय गळतो. केवळ कापूस घ्यावयाचा तर भांडवल ४ एकरांतच संपते व एक एकर पडीक राहते.

उत्तर नसल्याची सिद्धता : त्याच कुटुंबाची गरज ६५,००० रु. झाल्यास काय होईल? निरनिराळ्या वाटण्या करून पाहिल्या, तरी एकही पुरी पडणार नाही; परंतु काही वाटण्या फसल्या म्हणून सर्वच फसतील असे सिद्ध होत नाही. ही सिद्धता असमानतांची बेरीज करून मिळते. जमिनीच्या असमानतेस २.५ ने गुणल्यास २.५क्ष + २.५य ≤ १२.५ असे मिळते. भांडवलाच्या असमानतेस (५क्ष + ३य ≤ २०) २.५ ने गुणल्यास १२.५क्ष + ७.५य ≤ ५० असे मिळते. दोहोंची बेरीज १५क्ष + १०य ≤ ६२.५. डावी बाजू म्हणजे एकूण निव्वळ उत्पन्न होय. म्हणून कोणतीही वाटणी केली, तरी उत्पन्न ६२,५०० रु.हून अधिक होणे शक्य नाही. येथे दोष शेतकऱ्याच्या कौशल्याचा किंवा कष्टांचा नसतो. दिलेल्या जमिनीत, भांडवलात व भावात ती गरज बसतच नाही.

कर्जाचा प्रश्न : वरील बेरजेतून आणखी एक उपयुक्त माहिती मिळते. भांडवलात क हजार रु.ची भर पडल्यास भांडवलाची असमानता ५क्ष + ३य ≤ २० + क/४ अशी होते व उत्पन्नाची कमाल मर्यादा ६२.५ + ०.६२५क होते. म्हणजे भांडवलाच्या प्रत्येक वाढीव हजार रुपयांमागे उत्पन्न ६२५ रु.नी वाढू शकते. मात्र सर्व ५ एकरांत कापूस लागेपर्यंतच, म्हणजे क ≤ २० असेपर्यंतच हे खरे आहे. ही वाढीव रक्कम वर्षभरासाठी कर्जाऊ घेतली, तर व्याज वजा करावे लागते.

व्याज वार्षिक १२ टक्के असल्यास ६२.५ + ०.६२५क − ०.१२क ≥ ६५, म्हणून ०.५०५क ≥ २.५ व क ≥ ४.९५... ५,००० रु. कर्ज घेतल्यास ३ एकर ५ गुंठे कापूस व १ एकर ३५ गुंठे सोयाबीन अशी वाटणी करून व्याज जाता ६५,०२५ रु. उरतात आणि गरज भागते. तेच कर्ज दरमहा दरशेकडा ५ रु. व्याजाने, म्हणजे वर्षास ६० टक्क्यांनी घेतले, तर ६२.५ + ०.६२५क − ०.६क ≥ ६५, म्हणजे ०.०२५क ≥ २.५ व क ≥ १०० असे येते. परंतु क हा २० पेक्षा अधिक घेऊन उपयोग नाही. २०,००० रु. कर्ज काढून सर्व शेतात कापूस लावला, तरी व्याज जाता ६३,००० रु.च उरतात. या व्याजाने कितीही कर्ज काढले, तरी गरज भागत नाही. व्याजाचा दर भारी आहे एवढे कोणालाही ठाऊक असते. तो नेमका कोणत्या ठिकाणी हिशेब अशक्य करतो, हे असमानता दाखविते.

मर्यादा : या रीतीचे उत्तर तिच्यात घातलेल्या आकड्यांइतकेच विश्वसनीय असते. पेरणीच्या वेळी भांडवल व जमीन निश्चित असतात. उतारा व भाव मात्र अंदाजाने धरलेले असतात. वरील उदाहरणात भाव उतरून कापसाचे निव्वळ उत्पन्न एकरी १२,००० रु.वर आले, तर जमिनीच्या असमानतेस ७ ने गुणून तीत भांडवलाची असमानता मिळविल्यास १२क्ष + १०य ≤ ५५ असे मिळते. म्हणजे मूळची ६०,००० रु.ची गरजही मग कोणत्याच वाटणीने भागत नाही. यासाठी उत्पन्नाचे आकडे सरासरीने न धरता वाईट वर्षातील किमान आकडे घेऊन हिशेब पुन्हा करून पाहणे शहाणपणाचे ठरते. एकरी खर्च व उत्पन्न क्षेत्राच्या प्रमाणातच वाढते, हेही गृहीतच आहे. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळेनासे झाल्यास ते खोटे ठरते; अशा वेळी मजुरांची वेगळी असमानता मांडावी लागते.

ऐतिहासिक विकास : < व > ही चिन्हे इंग्रज गणितज्ञ टॉमस हॅरियट (१५६०–१६२१) यांच्या मरणोत्तर १६३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रथम छापली गेली. समानतेचा समावेश असलेली चिन्हे फ्रेंच शास्त्रज्ञ प्येअर बूगेर यांनी १७३४ मध्ये वापरली. रैखिक असमानतांच्या संचातून एकेक अज्ञात वगळण्याची रीत झोझेफ फूर्ये (१७६८–१८३०) यांनी १८२० नंतरच्या दशकात मांडली. असमानतांच्या संचास उत्तर नसल्यास त्यांना योग्य संख्यांनी गुणून व मिळवून विसंगती उघड करता येते, या तत्त्वाशी हंगेरियन गणितज्ञ ग्यूला फार्कश यांचे १९०२ मधील प्रमेय निगडित आहे. वर उत्तर नसल्याची जी सिद्धता दिली आहे, ती याच तत्त्वाचे लहानसे उदाहरण होय.

असमानतांच्या मर्यादेत राहून अधिकतम लाभ किंवा न्यूनतम खर्च शोधण्याच्या शास्त्रास रैखिक प्रायोजन म्हणतात. त्याचा पाया रशियन गणितज्ञ लिओनिद कांतरोव्हिच यांनी १९३९ मध्ये उत्पादनाच्या नियोजनासंबंधीच्या लेखनाने घातला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये किमान पोषणाच्या अटी पाळणारा सर्वांत स्वस्त आहार कोणता, हा प्रश्न ७७ खाद्यपदार्थ घेऊन मांडला. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये अशा उदाहरणांसाठी शक्य क्षेत्राच्या एका शिरोबिंदूवरून दुसऱ्या शिरोबिंदूवर जाणारी पद्धती शोधून काढली. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये क्षेत्राच्या कडांवरून न जाता त्याच्या अंतर्भागातून उत्तराकडे जाणारी पद्धती प्रसिद्ध केली. हजारो अज्ञातांची उदाहरणे संगणकावर सोडविण्याच्या कामी तिच्यामुळे नवी दिशा मिळाली. या पद्धतींचा उपयोग वाहतूक, दूरध्वनी, विमानसेवा व उद्योगधंदे यांत होतो. दोन पिकांच्या लहान शेतासाठी मात्र आलेखाचा एक कागद, पट्टी व खरे आकडे एवढे साहित्य पुरेसे आहे.